किटलीची मूठ

म्हातारीचं बोट चित्रातल्या किटलीला लागणार, एवढ्यात प्रदर्शनाचं दालन सांभाळणारी मुलगी धावत आली.

"आजी, हात नका लावू!"

"माझीच किटली आहे गं. पोचा बघत होते. माझ्याच हातून पडली होती."

ही चित्रकाराची बायको, हे कळल्यावर मुलगी ओशाळली. म्हातारीचं तिकडे लक्ष नव्हतं. चाळीस वर्षं घासलेली किटली, अर्धा चिरलेला कांदा, चुरगळलेलं फडकं. घरी यांच्याकडे तिने ढुंकून पाहिलं नव्हतं आणि इथे तिला मोठ्याने बोलायची भीती वाटत होती. कांद्याच्या कापल्या कडेवर अजून ओल होती. ती बघतच राहिली.

"भोपळासुद्धा काढला त्यांनी," ती हळूच म्हणाली. "आठवडाभर ओट्यावर कुजला मेला, पण हलवू दिला नाही. फक्त मला कधी काढलं नाही."

हे शल्य जुनं होतं. नवरा गेल्यावरही ते गेलं नव्हतं.

मुलीने मग नेहमीची माहिती सांगायला घेतली.

"यांत एक गंमत आहे, आजी. किटलीची मूठ, कपांचे कान, सुरी, सगळं डावीकडे. सर तर उजव्या हाताचे. अशी मांडणी ते का करत, कुणालाच सांगता येत नाही."

"मांडणी कसली? ते कुठे कशाला हात लावायचे! मी काही खाली ठेवलं रे ठेवलं, की 'तसंच राहू दे' म्हणून ओरडायचे, आणि..."

ती मधेच थांबली.

मग पहिल्या चित्रापाशी परत गेली आणि एकेक चित्र पाहत आली. सुरी जणू आत्ताच कुणी ठेवली होती. कपातून वाफ निघत होती. शाळेत डाव्या हाताने लिहिलं म्हणून छड्या खाल्ल्यापासून चारचौघांत ती सगळं उजव्या हाताने करायची. स्वयंपाकघरात मात्र कोण बघतंय, म्हणून डावा हात मोकळा सोडायची. तिचे डोळे भरून आले.

दाराशी अभिप्रायाची वही होती. मुलीने पेन पुढे केलं.

म्हातारीने ते उजव्या हातात घेतलं, क्षणभर थांबली, मग डाव्या हातात दिलं आणि सगळ्यांदेखत सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.