कबरीचं दूध

बाटलीवाला यायच्या दिवशी सासूचं घराकडे लक्ष नसायचं. पहाटेच उठून ती गोठ्यात गेली होती आणि पितळी चरवी राखेने घासत बसली होती. घासून झाली, धुऊन झाली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा घासली.

"अहो आई, चरवीला भोक पडेल आता," सून दारातून म्हणाली.

"पडू दे. सरकारी माणूस येतोय. तुझ्यासारखं नाही, कालच्याच भांड्यात आजचं."

माणूस काही मोठा सरकारी साहेब नव्हता. कुरणापलीकडे जो अणुवीज प्रकल्प होता, तिथल्या प्रयोगशाळेचा तो नोकर. महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचा, गावातल्या या एकाच घरून लिटरभर दूध बाटलीत भरून न्यायचा. दुधात काही उतरलंय का ते तपासायचे म्हणे. सहा वर्षं हे चालू होतं. गावात एवढी घरं, पण दूध न्यायचे ते आपल्याच घरचं, याचा सासूला असा तोरा होता की विचारू नका.

सून या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. पहिल्या दिवशीच तिने खोलीच्या खिडकीतून प्रकल्पाची ती दोन जाडजूड धुरांडी पाहिली. त्यांतून निघते ती पांढरी वाफ आहे, धूर नव्हे, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी पोरगी झाल्यापासून ती रोज उठल्यावर आधी वारा कुठला आहे ते बघायची. बोलायची कुणाशी नाही. एकदा बोलली होती, तर नवरा म्हणाला, "मी आत वेल्डिंग करतो, मला काही होत नाही आणि तुला खिडकीत बसून होतंय."

बाटलीवाला आला, चहा प्याला. सासूने चरवी पुढे केली. दूध कसं, बोट बुडवलं तर बोटाला चिकटेल असं. या वेळी बाटली धरायला सून होती. बाटलीवर छापील चिठ्ठी होती आणि छापलेलं दिसलं की वाचायचं, ही तिची खोड. गाव, तारीख, आणि खाली: कुरणात चरणारी गाय.

तिने दोनदा वाचलं.

"भाऊ, हे तर तांबडीचं दूध आहे."

"बरं मग?"

"तांबडी पायाने अधू आहे. ती गोठ्याबाहेर जात नाही. विकतची पेंड खाते, लांबून आणलेला कडबा खाते. कुरणात जाते ती कबरी."

बाटलीवाल्याने कप खाली ठेवला. "आजी, दर वेळी तांबडीचंच देत होता?"

"मग काय कबरीचं देऊ?" सासू म्हणाली. "ते नुसतं पाणी. डेअरीवाला घेत नाही, म्हणून घरात पितो आम्ही. दारात आलेल्या माणसाला असलं द्यायचं? घराची काही अब्रू आहे की नाही?"

"अहो, गवतावर काय पडतं ते बघायला तर दूध नेतो आम्ही. तुम्ही पेंडीचं दिलंत. सहा वर्षं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्याने विचारलं नव्हतं. मग कबरीचं न तापवलेलं दूध आतून आणलं, बाटली भरली. निघताना सुनेने विचारलं, तपासून काय निघालं ते आम्हाला कधी सांगता? तो म्हणाला, गायीच्या मालकाने लेखी मागितलं तर सांगतात. आजवर कुणी मागितलं नाही.

"गाय माझ्या नावावर आहे," सासू म्हणाली, "आणि मला काही मागायचं नाही."

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. संध्याकाळी सून डेअरीवर दूध घालायला गेली, तर रांगेतल्या बायका सरकून उभ्या राहिल्या. पुढचीने आपली बादली उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. डेअरीवाला माप ओतता ओतता म्हणाला, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. पण उद्या उलटसुलट काही निघालं, तर गावचं दूध कोण घेणार? तुमचं कॉलेज?"

मागे कुणीतरी हसलं. ती रिकामी किटली घेऊन एकटी परत आली. वाटेत कबरी कुरणातून येत होती, पोट तट्ट भरलेलं. तिच्यामागून चालत सून घरी पोहोचली. त्या दिवसात तिच्याबरोबर चालणारं तेवढंच कुणी होतं.

नवऱ्याने जेवताना मान वर केली नाही. "माझ्या गेटपासच्या मुळावर उठू नकोस," एवढंच म्हणाला. सासूने तर बोलणंच टाकलं. काही सांगायचं झालं तर नातीला सांगायची: "तुझ्या आईला म्हणावं, सरपण भिजतंय."

सुनेने पोरीला कबरीचं दूध द्यायचं बंद केलं. तांबडीचं मागायची सोय नव्हती, ते थेंबन् थेंब डेअरीला जायचं. पोर रडेल, हट्ट करेल, म्हणून ती धास्तावून होती. पण पोरीने दूध मागितलंच नाही. तशी ती आधीही वाटी अर्धी टाकायचीच. दोन वर्षांचं लेकरू दुधाला का नको म्हणतं? भूक मरते ती कशाने? आता तिला ही दुसरीच काळजी लागली. झोपलेल्या पोरीचा गळा ती हलक्या बोटांनी चाचपून बघायची, कुठे गाठ लागते का. काय शोधतेय ते कुणाला सांगायची चोरी होती.

पोर आजीबरोबर उठायची आणि आजीबरोबरच गोठ्यात जायची. एक दिवस सून लवकर उठली आणि मागोमाग गेली. सासू तांबडीजवळ पाटावर बसली होती. पोर मांडीवर. धार काढून ती फेसाळ वाटी पोरीच्या तोंडाला लावत होती, आणि पोर गटागटा पीत होती. शेजारी सासूचा पेला होता, त्यात पातळ, निळसर दूध. कबरीचं.

सून दारातच थांबली. "हे कधीपासून?"

सासूने मागे पाहिलं नाही. पोरीचं तोंड पुसलं.

"अंगावरचं सुटल्यापासून. इथे पोट भरलं की तुझी वाटी टाकायची ती. तू तिच्यावर ओरडायचीस."

"म्हणजे तुम्हालाही वाटत होतं."

"धुरांडी उभी राहताना मी इथेच होते. तू नंतर आलीस."

"मग माझ्याशी बोलणं का टाकलंत? मी एकटीच वेडी असं वाटायला लागलं होतं मला."

"त्यांना विचारून काय करू गं? काही निघालं तर या दोन गायी आणि हे पोर घेऊन जाऊ कुठे? त्यापेक्षा जेवढं हातात आहे तेवढं करत होते."

तांबडीने शेपटी झाडली. सून आत आली, सासूजवळ उकिडवी बसली. पोरीची रिकामी वाटी तिने तांबडीखाली धरली, आणि सासूने पुन्हा धार काढली.

पुढच्या महिन्यात बाटलीवाला आला. सासूने चरवी राखेने तशीच घासली होती, पण या वेळी ती कबरीखाली बसली. चहा प्यायला सगळ्यांसमोर, ओट्यावर बसवलं त्याला. समोरच्या दारातून बायका बघत होत्या.

"पातळ आहे," चरवी पुढे करत ती म्हणाली, "पण रोज आमच्या पोटात जातं ते हेच. आणि मागच्याचं काय निघालं, ते मला लेखी पाहिजे. काढा कागद. सही येत नाही, अंगठा देते."

बाटलीवाल्याने कागद मांडीवर घेतला. "आजी, दीड महिना तरी लागेल. आणि इथे कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

सासूने सुनेकडे पाहिलं नाही. समोरच्या दारांकडे पाहिलं आणि तिकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"घरात लहान मूल आहे, असं लिहा."