मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

सोमवारी सकाळी मास्तर शिकवणीच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि त्यांचे पाय पेडलांपर्यंत पोचेनात. आरशात बघावं तर मागचा रस्ता गायब, नुसतं छत. आता मास्तर बुटके, त्यांची बायको त्यांच्याहून बुटकी, आणि लेक भिंगरी दोघांवर गेलेली. मग काल ड्रायव्हिंग स्कूल बंद असताना, नवरा-बायको पाहुण्यांकडे गेले असताना, या गाडीत लांब तंगड्यांचं कोण बसलं होतं? मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

भिंगरीला विचारलं तर म्हणाली, "मीच सीट मागे केली, बाबा. गाडी झाडायला."

गाडी झाडायला! जिनं जन्मात स्वतःची खोली झाडली नाही ती!

मास्तरीणबाई तर वाटच बघत होत्या. "अहो, मी सांगत नव्हते? मागे भुवईला टाके घालून आली. मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडले म्हणे. त्या मैत्रिणीकडे स्कूटर तरी आहे का? इथल्याच कॉलेजात घाला. डोळ्यांसमोर तरी राहील."

लांबच्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात भिंगरीला जागा मिळाली होती. मास्तरांनी ही बातमी क्लच आणि गिअरच्या मधे प्रत्येक शिकाऊ माणसाला ऐकवली होती. जागा हवी की नको, हे आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

दुपारी मास्तरांनी किल्ली तिच्या हातात दिली. "चल. काल जिथं गेली होतीस तिथं ने."

ती ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. मास्तर शेजारी आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. तिथं त्यांच्या पायाशी जास्तीचा ब्रेक होता. शिकणारा गांगरला की मास्तर तो दाबायचे, आणि ड्रायव्हरकडचं पेडलही आपोआप खाली जायचं. पोरगी गाडी चालवत होती अगदी साळसूद. वळणाआधी वेग कमी, आरशात नजर, सगळं शिकवल्यासारखं. त्यामुळे तर मास्तरांचा संशय आणखीच बळावला.

गावाबाहेर एक नवा रस्ता होता, अजून वाहतुकीला न उघडलेला. पुढे अर्धवट पूल, त्याआधी आडवे टाकलेले सिमेंटचे ठोकळे. तिनं गाडी अलीकडेच थांबवली. डांबरावर टायर घासल्याचे काळे पट्टे होते, थेट ठोकळ्यांच्या तोंडाशी गेलेले. मास्तर खाली उतरले. शेवटचा पट्टा आणि ठोकळा यांत त्यांची वीतही मावली नसती.

"कोण चालवत होतं?"

"क्लासमधला मित्र. ठोकळ्यांच्या जास्तीत जास्त जवळ गाडी कोण थांबवतो, अशी शर्यत होती. तो कुणाची तरी मोठी गाडी आणणार होता. मी म्हटलं, आमचीच घेऊ."

"आमची का?"

"तुमच्या बाजूला ब्रेक आहे म्हणून. मी तुमच्या जागेवर बसले होते. शेवटी तो थांबेना, मग मी दाबला."

क्षणभर मास्तरांना अभिमान वाटला. बरोबर वेळेला दाबला की पोरीनं! आणि लगेच स्वतःचीच इतकी चीड आली की ते ओरडलेच, "अगं गाढवे, जाऊच नये, हे नाही सुचलं?"

"सुचलं होतं."

"मग?"

"मला जायचं होतं, बाबा." तिनं मान खाली घातली. "फार मजा येते. मग फार भीती वाटते."

सकाळपासून ती पहिल्यांदा खरं बोलत होती, हे मास्तरांना कळलं. पण खरं ऐकून जिवाला थंडावा मिळेल, असं वाटलं होतं ना? छे! ते पुन्हा वाकून पट्टा आणि ठोकळा यांतलं अंतर बोटांनी मोजू लागले.

परतताना ती म्हणाली, "बाबा, पाय काढा ना. पेडल खाली जातंय." मास्तरांनी पाय काढला. पुढच्या चौकात तो परत तिथंच होता.

घरी मास्तरीणबाई दारातच उभ्या. मास्तरांनी काही न लपवता सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "बघितलंत? आता तरी नको म्हणून कळवा. तिकडच्या गाड्यांना कुठला आलाय जास्तीचा ब्रेक?"

"नसतो. पण काल ती आपल्याच घरात राहत होती ना? आपलीच गाडी होती. तू आणि मी त्या वेळी पाहुण्यांकडे गप्पा झोडत होतो."

बाई पदराचं टोक पिळत राहिल्या.

"पाठवायची," मास्तर म्हणाले, आणि भिंगरीकडे वळले. "एक ध्यानात ठेव. भरवसा बसला म्हणून पाठवत नाहीये. रोज फोन करीन, आणि तू सांगशील त्यातलं निम्मं खोटं धरीन."

"धरा," भिंगरी म्हणाली. "पण फोन करा."

मास्तरीणबाईंनी डोळे पुसले, कॉलेजचा नंबर लावला आणि फोन लेकीच्या हातात दिला.