माझ्या कार्डातलं कीर्तन

मित्रांनो, मी हातात धरून खेळायचा एक गेम कन्सोल आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे. काचेवर चरे पडलेत, डावं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, बॅटरी तासाभरात मान टाकते.

वल्लरी हिंजवडीच्या एका कंपनीत लागली, तेव्हा पहिल्या पगारातून तिने मला घेतलं. कंपनीच्या बसमध्ये ती माझ्यावर गाड्या पळवायची. मैत्रिणी माझ्या पडद्याचं कौतुक करायच्या आणि मी फुगायचो. पुढे तिच्या हाती नवा मोबाईल आला आणि मी कर्वेनगरच्या घरी कपाटात, मोज्यांच्या शेजारी पडलो. दोन वर्षं!

मला बाहेर काढलं ते तिचे वडील, दिगंबरपंत, गेल्यावर. दिवसा बँकेत कारकुनी करून ते संध्याकाळी देवळांतून कीर्तन करत. त्यांचं शेवटचं कीर्तन वल्लरीच्या त्याच, आता जुन्या झालेल्या मोबाईलमध्ये होतं. ते तिने माझ्या मेमरी कार्डात भरलं, कारण तिच्या आईला, सरोजिनीबाईंना, माझी मोठी बटणं जमायची. जुना मोबाईल मग मोडीत गेला. रोज पूजा झाली की बाई मला मांडीवर घेत. गाड्या पळवणारा मी अभंग गाऊ लागलो! देवाची कृपा, दुसरं काय?

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. यंदा बाईंनी मलाही पाटावर बसवलं. ओली हळद, कुंकू, वर फुलाने पाणी. प्रेमच ते, पण हळदीचं पाणी खाचेतून थेट कार्डावर उतरलं. मला जागं करणारी सगळी व्यवस्था, म्हणजे माझं सॉफ्टवेअरही त्याच कार्डात होतं. दसऱ्याला माझा पडदा काळाच राहिला.

"आई, अगं याला आंघोळ घातलीस?"

"सगळ्यांनाच घातली. मिक्सर बरा चालतोय तो!"

रविवारी वल्लरीने नवं कार्ड आणलं. माझी व्यवस्था इंटरनेटवरून संगणकावर उतरवून त्या कार्डावर बसवली. राहिलं होतं ते कीर्तन. जुनं कार्ड कोरडं करून तिने संगणकाला लावलं, तर तो विचारू लागला, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू? आठवडाभराच्या कामाने शिणलेल्या पोरीचं बोट 'हो'कडे निघालं.

"फॉरमॅट म्हणजे काय गं?" बाईंनी विचारलं.

"सगळं पुसून कोरं करायचं."

"मग त्याला नाही म्हण की. एवढ्या मोठ्या कंपनीत आहेस, नाही म्हणायला शिकवत नाहीत वाटतं?"

वल्लरीने हात मागे घेतला. खराब कार्डातून मिळेल ते सोडवणारा प्रोग्रॅम लावून ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. कीर्तनाचा पूर्वरंग निघाला. उत्तररंग, म्हणजे पुढची कथा, काही केल्या निघेना.

नवं कार्ड माझ्यात बसलं आणि मी उजळलो. पंतांचं निरूपण रंगलं. "आता कथेकडे वळू," ते म्हणाले, आणि तिथेच मी मुका झालो. इतकं ओशाळं मला कपाटातही वाटलं नव्हतं.

"माझंच चुकलं, आई. दुसरीकडे उतरवून ठेवायला हवं होतं." वल्लरी रडू लागली.

मित्रांनो, आम्ही यंत्रं फार दिवसांचे सोबती नसतो. आपल्या माणसाचा आवाज एकट्या माझ्यासारख्यावर सोडू नका. आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवा, आणि ते आजच करा.

बाईंनी पदराने डोळे टिपले. "तीस वर्षं त्यांच्यामागे पेटीवर मीच होते. तुझा मोबाईल चालू कर."

आणि त्या कथा सांगू लागल्या. एकही ओळ चुकत नव्हती. एका जागी त्या मध्येच थांबल्या. वल्लरीला वाटलं, विसरल्या.

"इथे ते पाणी प्यायचे," बाई हळूच म्हणाल्या. दोन घोट होतील एवढा वेळ गप्प राहिल्या, आणि मग पुढे निघाल्या.