दादाचं तेल, चार तास

सकाळी आठपासून माझ्या प्रयोगशाळेत दादाचा तेल लावलेला हात दर अर्ध्या तासाने डासांच्या पिंजऱ्यात जात होता. बारा वाजले तरी त्यावर एकही डास बसला नव्हता.

"लिही, चार तास," दादा म्हणाला. "वॉर्डातल्या सिस्टर तेल न्यायला येतीलच."

दादा गवती चहाचं तेल काढतो. मागच्या महिन्यात त्या तेलाने माझ्या काचेच्या बशीतले जंतू साफ आडवे केले, तेव्हापासून स्वारी हवेत होती. आता ते मुलांच्या वॉर्डात जाणार होतं. तिथे तापाची चार मुलं होती आणि शेजारी हातपाय मोडलेली पंधरा. हा ताप दिवसा चावणारे डास एकाकडून दुसऱ्याकडे नेतात. तेल किती वेळ टिकतं ते माझ्या सहीने ठरणार होतं.

सही करताना फॉर्मचा पहिलाच रकाना कोरा दिसला. सुरुवातीला तेल न लावलेला हात आत घालायचा. दहा डास बसले तरच चाचणी खरी. दादाच्या घाईत मी ते गाळलं होतं. दुसऱ्या कुणी गाळलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मी माझा हात आत घातला. मिनिटभर थांबले. एकही डास आला नाही.

"वास भरलाय आत," दादा म्हणाला.

मी भिंग लावलं. माद्यांची पोटं तट्ट फुगलेली, काळपट लाल. अंडी हवीत म्हणून कालच रक्त पाजलेल्या माद्यांचा पिंजरा मी उचलला होता; भरल्या पोटी त्या चावतच नाहीत. उपाशी ठेवलेला शेजारीच होता.

"दादा, तोच हात यात घाल."

"आता कशाला उगाच?"

"घाल म्हणते ना!"

पाच मोजेपर्यंत त्याचं मनगट डासांनी काळं झालं. त्याने हात हिसडून बाहेर काढला. प्रयोगशाळेत वाढलेल्या या डासांपासून तापाची भीती नव्हती, तरी दादा पांढराफटक पडला.

"अरे, पुन्हा तपासू. तासभर टिकत असेल तर तासातासाला लावायला सांगू."

तेवढ्यात सिस्टर आत आल्या.

"झालं का? तुम्ही काल दिलेल्या बाटलीतलं सकाळी सातलाच लावलं सगळ्यांना," त्या हसत दादाला म्हणाल्या. "आणि तुमच्या शब्दावर मच्छरदाण्या धुवायला टाकल्या."

मला दादाला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि स्वतःला दोन.

दादाने गांधी उठलेला हात त्यांच्यापुढे धरला.

"सिस्टर, मच्छरदाण्या ओल्या असल्या तरी लावा. आत्ता."