सुट्टीनंतरचा निरोप

त्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी कारखान्यात आली. मोबाइल फाटकावरच्या कपाटात जमा केला, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि मशीनवर बसली. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती; बाह्यांचा ढीग पुढ्यात पडला होता. वयाने सगळ्यांत मोठी नव्हती, तरी सगळ्या तिला ताईच म्हणत.

त्या कारखान्यात एक रीत होती. कुणाच्या घरून फोन आला, तर ऑफिसातली मुलगी तो घ्यायची, मुकादमाला सांगायची आणि मुकादम तो निरोप सुट्टी झाल्यावर द्यायचा. बाई एकदा घरच्या काळजीत पडली की हात चालत नाही, असं मालकांचं म्हणणं. कुणाचं पोर तापाने फणफणलं होतं, कुणाच्या नवऱ्याला अपघात झाला होता. कळलं ते सुट्टीनंतरच. बायका हळहळायच्या, डोळे पुसायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा मान खाली घालून बसायच्या. या निर्दयपणाला तिथे शिस्त म्हणत. ताईही म्हणायची.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मुकादमाने तिला थांबवलं. माहेरून फोन होता, आईला बरं नाही, एवढंच म्हणून तो दिवे घालवायला वळला.

ती धावतपळत माहेरी पोचली, तर दारात चपलांचा ढीग. आई दुपारीच गेली होती.

वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"सारखी विचारत होती, आली का हो ती? मी म्हणत राहिलो, निघालीये, पोचेलच एवढ्यात. सकाळपासून तेच सांगत होतो. एवढं कसलं काम गं तुझं?"

सकाळपासून! आई तिची वाट बघत डोळे मिटत होती, तेव्हा ती बाह्या जोडत होती, शेजारणीच्या विनोदाला हसतही होती. वडिलांना तिने परोपरीने सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या मनातली अढी काही सुटली नाही.

काही दिवसांनी ती कामावर परतली. मुकादम म्हणाला, वाईट झालं.

"निरोप सकाळीच आला होता ना?" तिने विचारलं.

"आला होता. पण तू जाऊन काय करणार होतीस? डॉक्टर आहेस का तू?"

"नाही. मी तिची मुलगी आहे."

तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. ती मशीनवर बसली खरी, पण अंगाचा नुसता भडका उडाला होता. ऑफिसात फोन वाजला की तिची मान वर व्हायची. तसाच तो एकदा वाजला. मुलीने ऐकून घेतलं, ठेवला आणि मुकादमाच्या कानाशी लागली. ताई उठून थेट तिच्यासमोर उभी राहिली.

"कुणाचा होता?"

मुलीने मुकादमाकडे पाहिलं, मग ताईकडे. तिचा आवाज बारीक झाला. "कॉलरवाल्या मावशींचा. नातू पडलाय शाळेत."

"सुट्टी झाल्यावर सांगू," मुकादम म्हणाला. "जागेवर जा, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

ताई वळली आणि मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून ओरडली, "मावशी, शाळेतून फोन आहे. निघा!"

एक मशीन थांबलं. मग दुसरं. बघता बघता सगळा हॉल गप्प झाला. मावशी धडपडत बाहेर पडल्या. मुकादम तोंडाला येईल ते बोलला, पण एकीनेही मशीनवर पाय ठेवला नाही. घरचा निरोप आल्याबरोबर ज्याचा त्याला मिळेल, असं मालकांनी सर्वांसमोर येऊन कबूल केलं, तेव्हाच कामाला सुरुवात झाली.

नातवाचा हात मोडला होता, जिवावरचं काही नव्हतं. नंतर मुकादम हसून म्हणाला, एवढ्याशासाठी एवढा तमाशा!

वाचकहो, आजीला हाक ऐकू यायला नातवाने किती मोडून घ्यायला हवं, हे ठरवायचा हक्क त्याला दिला कुणी? आपणच ना, इतकी वर्षं गप्प बसून?