आखूड वात

"वल्हं खाली ठेव, राघो," कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला विश्राम म्हणाला.

राघोनं तेच वल्हं त्याच्या खांद्यावर हाणलं. विश्रामच्या हातातली पाटी उलटली आणि पोटं वर झालेली बोयटं मासळी पुन्हा खाडीत सांडली.

"वाट सोडा," राघो ओरडला. "मरंल तो."

होडीत राघोचा धाकटा भाऊ दगडू विव्हळत पडला होता. त्याचा उजवा हात मनगटापासून उडाला होता. राघोनं मुंडासं सोडून मनगटाच्या वर करकचून आवळलं होतं, तरी होडीचा तळ लाल होत चालला होता.

दगडूनं दगडखाणीतून सुरुंगाची कांडी आणली होती. वात लांब ठेवली तर मासळी पुढे सरकते, म्हणून सुरुंगवाले ती आखूड कापतात आणि थवा जवळ येईपर्यंत कांडी हातातच धरतात. दगडूनं जरा जास्तच वाट पाहिली; राघो आपल्या होडीतून त्याला अडवायला येत असतानाच ती हातात फुटली.

धमाका ऐकताच अख्खं गाव पाट्या घेऊन पाण्यात उतरलं. माणसाकडे कुणी बघेना. मेलेल्या मासळीत अंड्यांच्या गाभोळीनं भरलेल्या माद्या होत्या, बोटाएवढी पिल्लं होती, आणि अर्धीअधिक तर तळालाच गेली होती.

याच गावानं होळीला गावदेवीपुढे नारळावर हात ठेवला होता. सुरुंगाला सरकारची बंदी जुनीच होती, पण साक्षीला कुणी उभं राहत नसल्यानं ती नावापुरती उरली होती. यापुढे जो बघेल तो साक्ष देईल, टाकणारा कुणीही असो, असं ठरलं. सगळ्यांच्या मागे लागून ते ठरवून घेतलं राघोनं. खाडी रिकामी होत चालली होती आणि ते त्याच्या जिवाला लागलं होतं.

दगडू वाचला. तो कल्याणच्या इस्पितळात असतानाच जमादार डोंबिवलीच्या खाडीवर चौकशीला आला.

"आमी काय बघलंच नाय, सायब," खांदा बांधलेला विश्राम म्हणाला. "होडीत हात चेंगरला त्याचा."

बाकीच्यांनी माना हलवल्या. जमादार उठू लागला. आता गप्प बसलं की भाऊ सुटत होता. पण मग नारळावरचा शब्द पुन्हा कुणालाच बांधणार नव्हता.

"माजे भावान सुरुंग टाकलान," राघो म्हणाला. "मी बघलंय."

दगडूची बायको कलावती पुढे आली आणि तिनं राघोच्या थोबाडीत मारली. "हात गेला त्यानं पोट नाय भरला तुजा?"

त्याच संध्याकाळी राघोच्या घरावर दगड पडले. त्याची होडी कुऱ्हाडींनी फोडली, आणि पहिला घाव विश्रामनं घातला.

सजा भोगून दगडू परतला तेव्हा राघो त्याच्या ओटीवर गेला. दगडू जाळं विणायला बसला होता. सुई डाव्या हातात होती, पण सुताचा वेढा घेऊन भोकाचं माप धरायला दुसऱ्या हाताची बोटं नव्हती. राघो समोर बसला आणि त्यानं आपली तीन बोटं जोडून पुढे धरली.

दगडूनं थोट्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. राघोच्या ओठातून रक्त आलं, पण बोटं तशीच राहिली.

"एवढी मोठी भोकं?" दगडू धापा टाकत म्हणाला.

"पिल्लं निसटली पायजेत."

दगडूनं भावाच्या बोटांभोवती सूत गुंडाळलं आणि इतकं आवळलं की ती काळीनिळी झाली. राघोनं हात हलवला नाही.