एक वीत, चार बोटं

सापळेकाकांनी जन्मात दोनच गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. एक, आपल्या बायकोपुढे भांडणात कुणाचा टिकाव लागत नाही. दुसरी, तळ्यात आता औषधालाही कासव उरलेलं नाही. पहिलीला शेजारपाजार साक्षीला होता. दुसरीला साक्षीदार लागतच नव्हता, कारण चाळीस वर्षं तिथली कासवं धरून व्यापाऱ्याच्या गाडीत भरणारे काकाच होते. सलग तीन दिवस सापळे रिकामे आले की तळं संपलं, असं त्यांच्या धंद्यात मानत. तसे ते आले, आणि काकांनी सापळे माळ्यावर टाकले.

पुढे तळं बुजवून गोदामं बांधायचं ठरलं. काकांची मुलगी वन्यजीव कार्यालयात होती. तिनं जेवताना विचारलं, "बाबा, तळ्यात काही आहे का हो?"

"काही नाही. मी ठेवलंय कुठं?"

बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिनं तसा अहवाल लिहिला आणि खाली सही ठोकली.

आज सकाळपासून पंप पाणी उपसत होते. काठावर मातीचे ट्रक रांगेत उभे होते. काका शेवटचं बघून घ्यावं म्हणून मुलीबरोबर आले होते. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, आणि मधला एक धोंडा चालायला लागला.

काकांनी डोळे चोळले. धोंड्याला मान फुटली. मग दुसरा हलला, तिसरा हलला. परातीएवढी कासवं, पाठीवर हिरवंगार शेवाळ, कडेला शिंपले चिकटलेले. चाळीस वर्षांत एवढं कासव त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

चपला काठावर ठेवून ते गुडघाभर चिखलात उतरले. सगळ्यात जवळच्या कासवाच्या पाठीवर त्यांनी हात आडवा टेकवला. एक वीत. पुढे चार बोटं. हे सापळ्याच्या तोंडाचं माप, वडिलांनी घालून दिलेलं; काकांनी ते कधी सुताभरही बदललं नव्हतं. चार बोटांच्या पुढेही पाठ उरलीच होती, चांगली अर्धी वीत.

म्हणजे जी या मापाबाहेर वाढली, ती सापळ्यात शिरूच शकत नव्हती. सापळा रिकामा आला म्हणजे सापळा रिकामा, एवढंच. आणि आपण तळ्याचा निकाल लावून मोकळे झालो! कासवानं सावकाश मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आपल्या बापानंही याला कधी पाहिलं नसेल, असं काकांच्या मनात आलं. इतकं लहान त्यांना कधीच वाटलं नव्हतं, आणि त्या लहान वाटण्यातही त्यांना आत कुठंतरी फार बरं वाटत होतं.

काठावर मुकादम मुलीला समजावत होता. "ताई, धोंडे आहेत म्हणा. दुपारपर्यंत माती पडेल. काही नाही असं तुम्हीच लिहून दिलंय ना? आता फिरवलंत तर नोकरीवर गदा येईल."

तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, धोंडे आहेत का?"

आयुष्यात पहिल्यांदा काकांना पोरीकडे बघवेना. एक शब्द बोलले असते तर तिची नोकरी सुखरूप होती.

"कासवं आहेत," ते म्हणाले. "चूक माझी आहे. माझं नाव घाल."

"सही माझी आहे, बाबा." ती पंपांपाशी गेली आणि तिनं मुख्य खटका खाली ओढला. एकाएकी इतकं शांत झालं, की चिखलातून सरकणाऱ्या पाठींचा आवाज काठापर्यंत ऐकू येऊ लागला. ट्रकवाले आपोआप खाली उतरून उभे राहिले.

मुलीनं ट्रकच्या बॉनेटवर कोरा कागद ठेवला. "सांगा, किती लिहू?"

काकांनी मोजायला बोट उचललं. सात झाली, आठ झाली. तेवढ्यात त्यांच्या पायाखालचा चिखल हळूच वर उचलला गेला.

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "तसंच लिही."